देवीला चुकवणारी गावं

देवी काढणारे दोघे एकत्र बसले की तिसऱ्या वाक्याला किस्सा निघतो. आमचं काम तसं साधं. रोज नव्या गावात जायचं, पोरांच्या दंडावर नस्तरानं ओरखडा काढायचा, त्यात लस भरायची आणि शिव्या खात पुढच्या गावाला लागायचं. महिनाअखेर ठाण्याच्या ऑफिसात रिपोर्ट द्यायला जमलो की व्हरांड्यातल्या बाकावर आमची बैठक बसे. सगळ्यांत जुने बापूराव, सगळ्यांत आळशी गोविंदराव आणि सगळ्यांत नवा मी. आमचा पट्टेवाला रामा खांबाला टेकून तंबाखू मळत ऐकत असे.

रिपोर्टात आकडे जात. गावांच्या नावांच्या भानगडी मात्र आमच्यापाशी उरत. देवी काढणाऱ्याला आपल्या गावाचं नाव खरं सांगायचं नाही, असा ठाणे-कल्याणच्या पाड्यापाड्यांवर जणू ठरावच झालेला होता. नोकरी संपली, दात गेले, बाकावरचे दोघेही गेले. नावांचा ढीग तेवढा आहे तसा आहे.

*

पहिला किस्सा माझाच. मी नवा, पेटी नवी, कोटसुद्धा नवा. बाळकुमच्या पुढं खाडीच्या कडेला मधलापाडा म्हणून वस्ती आहे, तिथली पोरं टोचून या, असा हुकूम होता. पहिली झोपडी दिसली तिथं एकजण जाळं सांधत बसला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, हा खालचापाडा, मधला पुढं आहे. पुढं गेलो. तिथली माणसं म्हणाली, हा वरचापाडा, मधला तर मागं टाकून आलात. परत मागं आलो. जाळंवाला तसाच बसलेला. म्हणाला, हा खालचाच. सकाळपासून ऊन उतरेपर्यंत त्या दोन वस्त्यांमध्ये मी येरझाऱ्या घातल्या. एक पोर नजरेला पडलं नाही. पाळणे हलत होते, पण सगळे रिकामे.

ऑफिसात येऊन सांगितलं तेव्हा गोविंदराव पोट धरून हसले. बापूराव हसले नाहीत. गावाचं नाव कशाला विचारलंस, म्हणाले.

"मग काय विचारू?"

"मसणवट कुठं आहे ते विचार. तिथं कुणी खोटं बोलत नाही."

दुसऱ्या खेपेला मी तेच केलं. जाळंवाला जाळं सांधत राहिला. आतून एक म्हातारी उठली, माझ्याकडं न बघता पुढं चालायला लागली आणि वस्तीच्या मागं भेंडीच्या थोराड झाडांखाली नेऊन उभी राहिली. लहान लहान उंचवटे होते. इतके लहान की पहिल्यांदा मला ते वाफेच वाटले. लहान पोरांना जाळत नाहीत, पुरतात, हे मला माहीत होतं. एवढी एका जागी पाहिली नव्हती.

मी विचारलं, ही कुठल्या पाड्याची?

"मधल्या पाड्याची," म्हातारी म्हणाली. "ही समदी आमचीच."

*

हा बापूरावांचा. घोडबंदरच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी सातघर नावाची वाडी होती. बापूराव पहिल्यांदा गेले तर वाडी चांगली भरलेली. घरं मोजायच्या भानगडीत न पडतासुद्धा कळावं की सात काही नव्हेत, त्याच्या कितीतरी पट. त्यांनी तिथल्या पदू पाटलाला विचारलं की असं नाव कसं.

पाटील म्हणाला, आजोबाच्या वेळी देवीची मोठी साथ आली. साथ सरली तेव्हा सात चुली पेटत होत्या. तेव्हापासून सातघर. पुढं पोरंबाळं झाली, घरं वाढली, पण नाव वाढवायचं नाही असं म्हाताऱ्यांनी ठरवलं. देवीबाईच्या कानावर जाऊ द्या की इथं सातच घरं आहेत. एवढ्याशासाठी ती डोंगराची वाट कशाला तुडवेल?

बापूराव त्याला म्हणाले, पाटील, बाई कानानं येत नाही. पोरं टोचून घ्या. पाटील हसला. त्यानं शहाळं फोडून दिलं, वाटेला लावायला माणूस दिला, पोर एक दिलं नाही.

पुढं साथ आली. ती उतरल्यावर बापूराव मुद्दाम गेले. वाडीत कुत्री भुंकली नाहीत, म्हणजे कुत्रीही कुठं निघून गेली होती. पदू पाटील ओसरीवर बसलेला होता, तोंडावर खपल्यांचे ताजे व्रण. शहाळं द्यायला उठू लागला, पण जमलं नाही, परत बसला. काहीतरी बोलायचं म्हणून बापूरावांनी विचारलं, आता किती घरं आहेत?

पाटील म्हणाला, "नाव आता आमाला ढिलं होतं."

*

डोंबिवलीच्या पलीकडं दोन गावं आहेत. नावं सांगत नाही, दोन्हीकडं माझ्या ओळखीची माणसं आहेत. त्यांच्या शिवेवर एक माळाचा तुकडा आहे. शिवेच्या जमिनीसाठी लोक डोकी फोडतात, ती आमची म्हणून. इथं डोकी फुटली होती ती जमीन आमची नाही म्हणून.

त्याचं असं झालं. साथ आली की देवीची पूजा करायची, पाटीत कुंकू, हिरव्या बांगड्या, दहीभात घालायचा आणि वाजत गाजत ती पाटी दुसऱ्याच्या हद्दीत सोडून यायची. मागं वळून बघायचं नाही. म्हणजे रोग गेला. कुठं गेला, तर शेजारी. शेजारचे दुसऱ्या दिवशी तीच पाटी उचलून परत अलीकडं आणून ठेवत. त्या साथीत पाटी इतक्या वेळा इकडची तिकडं झाली की शेवटी दोन्ही गावांनी तो तुकडा आपला नव्हेच म्हणून सांगायला सुरुवात केली. त्या जागेला नाव पडलं नकोशी.

मग एक बाई आपलं आजारी पोर घेऊन तिथं येऊन राहिली. सासर या गावचं, माहेर त्या गावचं. सासरच्यांनी बाहेर काढलं, माहेरच्यांनी आत घेतलं नाही. माळावर बाभळीखाली तिनं लुगड्याचा आडोसा केला. दोन्हीकडून लोक बघत होते. भाकरी ठेवायला कुणी गेलं असेल तर देव जाणे. आधी पोर गेलं, मग तिलाही फोड उठले. बापूराव आणि रामा त्या वाटेनं आले तेव्हा सगळं संपलं होतं. त्या दोघांनीच खड्डा खणला. रामा म्हणे की फावडंसुद्धा कुणी दिलं नाही. पेटीच्या झाकणानं माती ओढली.

काही वर्षांनी दुष्काळी उन्हाळा आला. दोन्हीकडच्या विहिरी आटल्या आणि कुणीतरी नकोशीवर खणलं, तर पाणी लागलं. गोड पाणी. झालं, दोन्ही गावं काठ्या घेऊन उभी. मामलेदारानं पंच म्हणून जुनी माणसं बोलावली, त्यात बापूराव. दोन्ही पाटलांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली की वाडवडिलांपासून ही जागा आमचीच.

बापूरावांनी दोघांचं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं झालं. म्हणजे ती बाईही तुमचीच. हाडं कुणी उचलायची ते आधी ठरवा, मग पाण्याचं बघू."

दोन्ही गावं त्या दिवशी काठ्या घेऊन परत गेली. विहीर आहे तिथं. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या बायका पाणी भरतात. नाव विचारलं तर सांगत नाहीत.

*

आमच्या सुरुवातीच्या काळात लस बाटलीतून येत नसे. एका पोराच्या दंडावरचा फोड पिकला की त्यातलं पाणी घेऊन दुसऱ्याच्या दंडावर लावायचं. म्हणजे एक टोचलेलं पोर आणि त्याची आई आमच्याबरोबर गावोगाव चालत. माझ्याबरोबर त्या मोसमात गंगी होती, कोलशेतकडच्या मिठागरावर राबणारी. तिचा मुलगा गुटगुटीत, फोड टपोरा. मला हिऱ्यापेक्षा त्या फोडाची काळजी जास्त.

कल्याणात एका आळीत आम्ही गेलो. जुन्या सुभेदाराच्या नावानं ओळखली जाणारी आळी. तिथले दादासाहेब वकील, सुधारक म्हणवून घेणारे, त्यांनीच निरोप धाडला होता. दोन नातू टोचायचे होते. गंगी ओट्याखाली उभी राहिली. दादासाहेबांनी तिला विचारलं, कुठली गं तू?

तिला खोटं बोलायचं सुचलं नाही. मिठागरावरची, म्हणाली.

दादासाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, तिथलं पाणी आमच्या घरात चालत नाही, आणि तुम्ही अंगातलं आणलंत?" आमच्यातलं पोर घेऊन या, म्हणाले, मग बघू. आमच्यातलं पोर कोण आई गावोगाव फिरवणार? गंगीनं मुलाच्या दंडावर पदर टाकला आणि आम्ही निघालो.

साथ आली त्या साली धाकटा नातू गेला. थोरला वाचला, पण डोळे गेले, दोन्ही. तो ओट्यावर बसून असे. येणाराजाणारा त्याच्या खुणेनं वाट सांगू लागला आणि सुभेदार कुठल्या कुठं गेले. आंधळ्याची आळी म्हटल्याशिवाय टांगेवाल्याला कळेना. दादासाहेबांना ते फार लागलं. त्यांनी खटपट करून आळीच्या तोंडाशी जुन्या नावाची मोठी पाटी लावून घेतली, पांढऱ्यावर काळी अक्षरं.

बऱ्याच वर्षांनी मी कामासाठी गेलो आणि विसरल्यासारखं करून एका भाजीवाल्याला विचारलं, सुभेदार आळी कुठली? तो म्हणाला, ती काय, पाटी लावलीय ना, ती आंधळ्याची आळी.

ओट्यावर बसलेला तरुण तोंड माझ्याकडं करून म्हणाला, "बरोबर आलात. पाटी मला वाचता येत नाही. लोक सांगतात ते बरोबर आहे."

*

रामाचा किस्सा रामानं कधी सांगितला नाही. आम्हीच एकमेकांना सांगत असू, तो आसपास नसताना.

खाडीवर पुलाचं काम निघालं तेव्हा आवई उठली की पुलाचा पाया टिकत नाही, त्यात पोरं घालावी लागतात, आणि कुठली घालायची त्याची खूण सरकारनं दंडावर करून ठेवली आहे. खूण म्हणजे आमची. पुलाचं नावच पडलं पोरखाऊ. साहेबांनी ठेवलेलं नाव काय होतं ते आजही मला आठवत नाही.

त्याच्या थोडं आधी रामानं आपल्या भावजयीला गळ घालून तिची मुलगी टोचून घेतलेली. पाड्यावर पहिली तीच. पट्टेवाल्याच्या घरची मुलगी टोचली म्हणून आणखी चारजणी तयार झाल्या. रामा तेव्हा छाती काढून चालत असे.

आवई पाड्यावर पोचली त्या दिवशीची गोष्ट. रामा घरी गेला तर मुलीचं रडणं रस्त्यापर्यंत येत होतं. भावजय चुलीपाशी बसली होती, हातात तापलेलं उलथनं. मुलीचा दंड तिनं त्याच्यापुढं धरला.

"दाखव आता," म्हणाली. "कुठं हाय खून?"

मुलगी जगली. तो हात तिला खांद्याच्या वर कधी नेता आला नाही. रामानं नोकरी सोडली नाही, पेटीही खाली टाकली नाही. पण त्या पुलावरून जाताना तो कमरेचा सरकारी पट्टा सोडून खिशात घाली आणि पलीकडं गेल्यावर परत बांधी. साहेब बरोबर असले तरी. साहेबांनी एकदा कारण विचारलं. रामा म्हणाला, वारा लागतो.

*

गोविंदरावांना चालायचा कंटाळा. कल्याणच्या पूर्वेच्या डोंगरात वर्षातून एकदा फिरती असे. तिथं जायला नको म्हणून त्यांनी घरबसल्या एक वस्ती वसवली. नाव ठेवलं हिरवेपाडा. दरसाल हिरवेपाड्याची पोरं कागदावर टोचली जात आणि सगळी सुखरूप राहत. बापूराव म्हणत, जिल्ह्यातला सगळ्यांत निरोगी गाव.

म्हणूनच घात झाला. नवे साहेब आले, त्यांना तो निरोगी गाव डोळ्यांनी पाहायचा होता. पण गोविंदराव हिकमती. साहेबांना घेऊन ते डोंगर चढले आणि रानात कातकऱ्यांच्या झोपड्या दिसल्या तिथं थांबले. त्या वस्तीला नाव नव्हतं. गोविंदरावांनी पुढं पळत जाऊन म्हाताऱ्या कातकऱ्याला पढवलं, साहेबानं विचारलं तर हिरवेपाडा सांग. त्यानं सांगितलं. साहेब खूश. साहेबांनी स्वतः नकाशात नाव घातलं.

हा किस्सा गोविंदराव रंगवून सांगत आणि आम्ही हसत असू. हसणं पुढच्या सालापर्यंत टिकलं.

नकाशात गाव आहे म्हटल्यावर जंगलखात्याचा गार्ड गेला. हिरवेपाड्याची माणसं परवानगीशिवाय कोळसा पाडतात म्हणून दोघांना बांधून आणलं. मग कुणा अंमलदाराचा मुक्काम पडला, ओझी वाहायला माणसं हवी होती. हिरवेपाड्याची वेठीला धरली. शिकारीला साहेब आले, हाका घालायला पुन्हा हिरवेपाडा. वेठीला गेलेल्यांतला एक दरडीवरून ओझ्यासकट खाली गेला.

गोविंदरावांना हे कळलं तेव्हा ते एकटेच डोंगर चढून गेले. आयुष्यात पहिल्यांदा, हुकूम नसताना. म्हातारा कातकरी झोपडीचा कूड मोडत होता. शेजारच्या झोपड्या आधीच मोडलेल्या. गोविंदराव म्हणाले, कुठं निघालात? त्यानं डोंगरापलीकडं हात केला.

"नाव नव्हता तवा आमाला कोन शोधीत नव्हता," म्हातारा म्हणाला. "आता जिकडं जाऊ तिथं काय नाव ठेवू नका."

गोविंदरावांनी त्यानंतर तो किस्सा सांगितला नाही. मी सांगतोय. डोंगरात आता झुडपांशिवाय काही नाही. नकाशात हिरवेपाडा आहे, मी ऑफिसात पाहिला, चांगला ठळक आहे.

*

आता शेवटचा. शीळच्या बाजूला डोंगराच्या कुशीत करंजशेत नावाचं बारकं गाव होतं. मी आणि रामा गेलो तर नेहमीप्रमाणं दारं बंद. एक बाई मात्र सरळ समोर आली. काखेत पोर. तिनं पोराचा दंड माझ्यापुढं धरला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न मागता हात पुढं केला होता, त्यामुळं मीच गांगरलो. ओरखडा काढला, लस भरली. मग नाव विचारलं.

नाव नाही ठेवलं, म्हणाली. पोर चांगलं बसतं झालेलं. मी म्हटलं, अजून बारसं नाही?

तिनं सांगितलं ते अगदी सपाट आवाजात सांगितलं. आधीची तीन होती. पहिल्याला आजाचं नाव ठेवलं, दुसऱ्याला देवाचं, तिसऱ्याला मुद्दाम उकिरड्या म्हटलं, म्हणजे देवीबाईला नकोसा वाटेल. तिघांनाही देवीनं नावानं हाक मारली. तिघंही गेले. याला नावच ठेवायचं नाही. हाक मारणार कशी?

मी तिला समजावलं की नावाशिवाय मला टोचल्याची नोंद करता येत नाही, मग पुन्हा कुणीतरी येईल आणि पुन्हा टोचेल. ती ऐकेना. पोराला घेऊन निघाली. रामा म्हणाला, काहीतरी लिवा ना साहेब. मी नावाच्या जागी गावाचंच नाव लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. करंजशेत, राहणार करंजशेत.

ती थांबली. विचार केला.

"ह्यो चालंल," म्हणाली. "गावाला हाक मारली तर कोन ओ देनार?"

पुढं तापाची साथ आली. आमची नव्हे, दुसरीच, जिच्यावर आमच्या पेटीत काही नव्हतं. उंदीर पडले, मग माणसं. सरकारनं करंजशेत खाली करवलं, घरांची छपरं काढून जाळली. उरलेले पांगले ते परत आले नाहीत. मी एकदा त्या बाजूला गेलो तर जोत्यांवर करवंदाच्या जाळ्या माजल्या होत्या. ऑफिसनंही आमच्या फिरतीतून ते नाव गाळलं.

माझ्या नोकरीच्या अखेरच्या दिवसांत मी कल्याणला धर्मशाळेच्या ओट्यावर बसून देवी काढत होतो. तोवर लोक आपण होऊन येऊ लागले होते, चांगली रांग लागे. रेल्वेच्या कामावरचा एक तरुण पुढं आला, खांद्यावर तान्हं पोर. पोराचं नाव विचारलं. अजून ठेवायचंय, म्हणाला.

बापाचं नाव?

"करंजशेत."

मी मान खाली ठेवूनच म्हटलं की गाव मागून विचारतो, आधी नाव सांग.

"नावच सांगितला."

मी वर पाहिलं. त्यानं बाही वर सारली होती. दंडावर जुना व्रण होता, आमच्याच नस्तराचा, आडवा. आई आहे का, मी विचारलं. नाही, म्हणाला. इतर कुणी? त्यानं नकारार्थी मान हलवली. मागं रांग उभी होती. मी नाव लिहिलं. पुढची जागा रिकामी होती.

"गाव?"

त्यानं पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"आई सांगायची, ते तिला तुमीच वाचून दावलेलं," तो म्हणाला. "तुमीच सांगा."